बांधावर जाऊन बसणे

मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यातील धातुसाधितांच्या विवेचनाची आठवण आम्हां दोघांना संगणकाच्या पडद्यापुढे व्हावी, हे जरा नवलाचेच.

जळगावच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या दिवंगत आजीवर छोटा ॲनिमेशनपट करावयास घेतला आहे. आजी शेतातून येते, बांधावर बसते, गाणे म्हणते; प्रसंग एवढाच. 'ब्लेंडर'मध्ये त्याने पात्र उभे केले आणि हालचाली 'मिक्सामो'च्या संग्रहातून घेतल्या. तेथे चालणे, वळणे, बसणे असे सुटे तुकडे तयार मिळतात. ते आयात करून पट्ट्यांसारखे एकापुढे एक मांडावयाचे. मात्र तुकड्यातील आणि पात्रातील हाडांची नावे जुळली पाहिजेत. न जुळल्यास हात जागचा हलत नाही.

नावे जुळली. आजी वीस पावले चालली आणि बसण्याची पट्टी लागताच क्षणात मागे, निघाली होती तेथेच, बसलेली दिसली! प्रत्येक तुकडा आपल्याच शून्यबिंदूपासून सुरू होतो. आधीच्याने तिला कोठवर नेले, याचा पुढच्याला पत्ता नसतो. दुसऱ्याचा आरंभ उचलून पहिल्याच्या शेवटाशी आणून ठेवावा लागतो.

मराठीत हे काम 'ऊन' बिनबोभाट करतो. 'बांधावर जाऊन बसली' म्हटले की ती बांधावरच बसते. श्रोता तिला घरी शोधत नाही. आमच्यातील धुळेकराला येथे राजवाडे आठवले (धुळेकराला ते आठवतातच). त्यांचा धातुकोश त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. संस्कृत धातुपाठातही कितीतरी धातूंपुढे 'गतौ' एवढाच अर्थ दिलेला असतो. गतींचा केवढा हा संग्रह! परंतु प्रत्ययावाचून त्यातला एकही धातू पाऊल टाकीत नाही.

'गात बसली' हे निराळे. तेथे दोन पट्ट्या एकीवर एक. कमरेखाली बसणे, वर गाणे. बहिणाबाईंच्या गाण्यांचा जन्म अशाच दुपदरी क्रियेत, हात कामात असताना, झाला. 'चालता चालता थांबली' यात एक क्रिया विरते आणि दुसरी उगवते. संगणकालाही हे मिश्रण साधते, पण एका तुकड्याचा डावा पाय दुसऱ्याच्या उजव्याशी गाठला, तर पावले तेलावरून घसरल्यासारखी दिसतात.

हे सारे सुधारल्यावर विद्यार्थी म्हणाला, "सर, जोड दिसत नाही आता. पण ही आजी नाही. ही कोणा पलटणीतल्या माणसाची चाल आहे."

आजीचे घरात एकच छायाचित्र आहे, तेही बसलेले. तिची चाल कोठेच टिपलेली नाही. तेव्हा त्याने बसणे संग्रहातले ठेवले आणि चालणे हाताने, एकेक चौकट करून, रचावयास घेतले. आई म्हणते, ती उजवा पाय किंचित बाहेर टाकायची. मामा ठामपणे सांगतात, डावा. त्याने दोन्ही पट्ट्या करून ठेवल्या आहेत. मामा घरी आले की आईची तेवढी बंद करतो.