धोंडूची ठासणीची बंदूक

"काकू, बंदूक सोडून काहीही घ्या हो. ओपी होईल ती, म्हणजे नको तितकी ताकदवान," भाच्याची मैत्रीण म्हणाली. ती आमच्या टोळीतली जादूगार. मी नुकतंच माझं पात्र ठरवलं होतं: धोंडू, जातीने ड्वार्फ, पेशाने फायटर, दाढी गुडघ्यापर्यंत. डन्जन्स अँड ड्रॅगन्स मला इतपतच समजला होता की प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, डीएम झालेला भाचा गोष्ट पुढे नेणार आणि आपलं काम जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. त्याच्या २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये मला मस्केट दिसली. ठासणीची बंदूक. धोंडूच्या खांद्यावर ती शोभेल, एवढाच माझा विचार. त्यावरून कोथरूडच्या एका हॉलमध्ये चहा निवेपर्यंत वाद झाला.

पहिला आक्षेप काळाचा. "मध्ययुगात कुठली आली बंदूक?" तिरंदाज झालेला मुलगा म्हणाला. मी त्याच खेळाची सामानाची यादी वाचायला घेतली. तीत १,००० सोन्याच्या नाण्यांची दुर्बीण होती. युरोपात दुर्बीण आली ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. रेपियर नावाची निमुळती तलवार सोळाव्या शतकातली. आणि नखशिखान्त पोलादी चिलखत पंधराव्या शतकात पुरतं घडलं, तेव्हा तिकडे बंदुकांचे बार निघू लागून काही पिढ्या उलटल्या होत्या. म्हणजे दुर्बिणीतून ड्रॅगन न्याहाळायला हरकत नाही, गोळी झाडायला मात्र आहे! मुलांना हे पटलं, पण मत तसूभर हललं नाही. खरी अडचण इतिहासाची नव्हतीच.

अडचण म्हणे बॅलन्सची. मग मी आकडे मागितले. बँकेत नोकरी केलेल्या बाईला आकड्यांची भीती नसते. मस्केटची गोळी लागली की बारा बाजूंचा फासा टाकायचा, सरासरी साडेसहा. लाँगबोचा बाण लागला की आठ बाजूंचा, सरासरी साडेचार. फरक दोनाचा. त्या दोनासाठी मस्केटला ५०० नाणी मोजायची, लाँगबो ५०मध्ये. बाण १५० फुटांपर्यंत बिनधास्त जातो, ओढूनताणून ६००. गोळी ४० आणि १२०. आणि हरकत घेणाऱ्या मुलीला पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळणार होता: सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८, तेही २० फुटांच्या त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला.

"अगं, तू तोफखाना घेऊन फिरणार आणि माझी एक बंदूक तुला जड होतेय?"

"पण काकू, मला तो दिवसातून दोनदा, फार तर तीनदा टाकता येतो. तुम्ही दिवसभर ठो ठो करणार."

यावर मला उत्तर सुचलं नाही. बॅलन्स म्हणजे आपण आणि राक्षस यांच्यातली बरोबरी असं मी धरून चालले होते. पण गॉब्लिनांची तक्रार कुणीच मांडत नव्हतं. गॉब्लिन कमी पडले तर डीएम चार वाढवतो, त्याला काय खर्च येतो? तोल सांभाळायचा होता तो टेबलाभोवती बसलेल्यांचा. सगळे हुकूम एकाच्याच हातात आले की बाकीचे नुसती पानं टाकत बसतात, त्या बसण्याची मुलांना धास्ती होती.

भाच्याने अखेर परवानगी दिली, आणि पाचव्या लेव्हलला भलतंच झालं. त्या लेव्हलला तिरंदाजाला एका डावात दोन बाण सोडता येऊ लागले. धोंडूलाही दोन वार मिळाले, पण मस्केटला 'लोडिंग'चा नियम लागू आहे: वार कितीही असोत, गोळी एकच. दोघांच्याही चपळाईचे चार दर वाराला मिळवून, सगळं लागलं असं धरून हिशोब केला, तर त्याचे १७ आणि माझे साडेदहा. ज्या हत्याराला सगळे घाबरत होते ते साध्या धनुष्याच्या मागे पडलं! मी थोडी रुसलेच. तेव्हा भाच्याने २०२०चं टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग काढून गनर नावाचं कसब दाखवलं. ते घेतलं की लोडिंगचा नियम उडतो. सहाव्या लेव्हलला घेतलं, साडेदहाचे २१ झाले, आणि आता तिरंदाज रुसला. मधला काही मुक्कामच नाही. एका नियमाच्या अलीकडे बंदूक भंगार, पलीकडे दादा. त्यात खेळातला एक डाव सहा सेकंदांचा, म्हणजे गनर धोंडू मिनिटाला वीस बार काढतो; दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, हे सगळं तीन सेकंदांत. तालमीतला खरा शिपाईसुद्धा मिनिटाला तीनच्या पुढे क्वचित जाई.

आमच्यातला एक जण आधी पाथफाइंडर नावाचा असाच खेळ खेळायचा. त्याने सांगितलं ते याहून चमत्कारिक. तिथे २०११च्या अल्टिमेट कॉम्बॅट या पुस्तकात गनस्लिंगर हा बंदूकवाल्याचा पेशा आला, आणि त्याची गोळी जवळून झाडली तर चिलखत मोजायचंच नाही असा नियम. त्यामुळे छोट्या चपळ उंदराला गोळी लागणं कठीण, पण खवल्यांच्या जोरावर तिशीच्या घरात बचाव असलेल्या ड्रॅगनचा आकडा बंदुकीपुढे दहाच्या खाली येई. भरपाई म्हणून बंदूक अडकायची सोय: मस्केटवर फाशाचा १ किंवा २ आला की ती बिघडणार, तशीच वापरून पुन्हा अडकली तर हातात फुटणार. मला ही वाटणी मुळीच आवडली नाही. कधी घरबसल्या जिंकायचं, कधी स्वतःची बोटं उडवायची, यात शेजारी बसलेल्या तिरंदाजाला काय मिळालं?

मला सर्वांत उशिरा पचले ते हिट पॉइंट्स, म्हणजे पात्र किती मार झेलू शकतं तो आकडा. पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचा रंग पालटला, हे आपण शाळेपासून ऐकलेलं. इथे धोंडूच्या खात्यावर पन्नासेक हिट पॉइंट्स, त्यामुळे दोनचार गोळ्या खाऊन तो दाढी झटकून पुढे निघतो. त्याच पुस्तकांत साध्या गावकऱ्याला मात्र ४ असतात. नेमबाजाची चपळाई धरली तर त्याच बंदुकीची एकच गोळी त्याला पुरते. म्हणजे बंदूक खरी आहे, पण फक्त गरिबांसाठी. (हे मी मोठ्याने म्हटलं तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, तलवारीचंही तसंच आहे." तेही खरं.)

बंदुकीचा वाद थंडावला तसं मला भाच्याचं खरं भय कळलं. ते होतं दारूच्या पिंपाचं. पुस्तकात पिंप २५० नाण्यांना; पेटलं तर दहा फुटांतल्या सगळ्यांना सहा बाजूंचे ७ फासे. फायरबॉलच्या एकाच फाशाने कमी, आणि त्याला ना जादू लागते ना लेव्हल. लागतात फक्त पैसे, आणि लुटीचे पैसे आमच्याकडे पोत्याने होते. तिरंदाजाने किल्ल्याच्या दरवाजासाठी किती पिंपं लागतील याचा हिशोब मांडल्याबरोबर भाच्याने त्या जगातली पिंपं संपल्याचं जाहीर केलं. दारू मिळेल ती शिंगातून, ३५ नाण्यांना एक.

शिंग पेटलं तरी ३ फासे. म्हणून परवा फायरबॉल टाकण्याआधी जादूगाराने, चक्क माझ्या काळजीने, नियम वाचून घेतला: अंगावर असलेल्या वस्तू पेट घेत नाहीत. धोंडूचं शिंग कमरेला होतं, त्यामुळे तो वाचला. पण त्याने बार भरायला नुकतंच खाली ठेवलेलं दुसरं शिंग अंगावरचं धरायचं की जमिनीवरचं, यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि माझे हिट पॉइंट्स सध्या पेन्सिलीने लिहिलेले आहेत.