आईचे गुडघे आणि आमची चूक

घाटकोपरच्या डोंगरउतारावरील ज्या वस्तीत आम्ही राहतो, तेथे संध्याकाळी दिवेलागणीला दारोदार एकच वास सुटतो. कुठे लसूण आणि ओवा घालून तेल कढत असते, कुठे निर्गुडीचा पाला तव्यावर परतला जात असतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाया उंबरठ्यावर पाय लांब करून बसलेल्या असतात. "काय गं, आज कसं हाय?" "हाय तसंच." एवढेच बोलणे होते, पण त्यात सगळे आले.

आमची आई याच बायांपैकी एक. ती मूळची माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ऐन तारुण्यात तिने खडी फोडली, डोक्यावर पाट्या वाहिल्या. लग्न होऊन मुंबईला आली, तर येथे नळ डोंगराच्या पायथ्याशी आणि झोपडी वर. वीस-बावीस वर्षे तिने दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर घेऊन पाणी चढवले. दिवसा सोसायटीतल्या चार घरची धुणीभांडी आणि उकिडवे बसून फरशी पुसणे. त्यावरच आमची शाळा झाली आणि आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनाच्या खुर्चीवर बसलो. आमची खुर्ची तिच्या गुडघ्यांवर उभी आहे, असे आम्ही म्हणतो ते उगीच नाही.

वस्तीत गुडघेदुखीला म्हातारपणाचा आजार म्हणतात. आमच्या मते तो कष्टाचाही आजार आहे. दोन हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजते आणि हाडाला हाड घासू लागते. वयाने झिजते हे खरे. पण ओझे, उकिडवे बसणे, चढउतार आणि अंगावरचे वाढलेले वजन तिला लवकर झिजवतात.

आईचे औषध तिच्या आईकडून आलेले. निर्गुडीचा पाला एरंडेल तेल लावून तव्यावर कोमट करायचा, गुडघ्यावर ठेवायचा आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने रात्रभर बांधायचा. नसेल तर एरंडाचे पान. थंडीत वाळू तापवून पुरचुंडीचा शेक. सकाळी सुंठ घालून कोरा चहा, पौष मार्गशीर्षात मेथीचे लाडू. या सगळ्याने तिचे गुडघे नवे झाले नाहीत, परंतु रात्रीची झोप लागत होती आणि सकाळी काम होत होते. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, हे तिला ठाऊक होते. घाई होती ती आम्हाला.

आम्ही वस्तीत थोडेफार सामाजिक काम करतो. रेशन कार्ड, जातीचा दाखला, विधवा पेन्शनचे अर्ज भरून देतो. त्यामुळे लोक आमचा शब्द मानतात. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका वैदूची ख्याती आमच्या कानी आली. काचेच्या बरण्यांतून मुळ्या, साली, डिंक मांडलेले. तो म्हणाला, "साहेब, शुद्ध जडीबुटी. तीन दिवसांत म्हातारी धावेल." कागदाच्या पुड्या, वर नाव नाही, गाव नाही. आम्ही हिशेबाच्या खात्यात पावतीशिवाय एक रुपया टाकू देत नाही. पण येथे पावती मागितली नाही.

आणि काय सांगावे! तिसऱ्या दिवशी आई खरोखरच विनाकाठी चालू लागली. रविवारच्या महिलांच्या बैठकीला ती स्वतः चालत आली. आम्ही सर्वांसमोर उभे राहून त्या पुडीचे गुण गायलो. पुढच्याच आठवड्यात नऊ बायांना आम्ही स्वतः पुड्या आणून दिल्या. आमच्या सौ. तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, पाल्याला जे वीस वर्षांत जमलं नाही ते तीन दिवसांत जमतं कसं? आत काय आहे ते तरी विचारा." आम्ही हसण्यावारी नेले.

चार महिन्यांत आईचा चेहरा गोल, फुगीर दिसू लागला. शेजारी म्हणत, "आजी तब्येतीनं सुधारल्या." भूक वाढली, लघवी वाढली, हातावर जरा लागले की काळेनिळे डाग पडू लागले. मग तो वैदू तंबू उचलून कुठे गेला कोणास ठाऊक. पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या, उभे राहिले की अंधारी येऊ लागली आणि सातव्या दिवशी ती मोरीत कोसळली.

पालिकेच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईच्या चेहऱ्याकडे पाहूनच विचारले, "सांध्यांसाठी कुठली पावडर घेत होता?" रक्तदाब खाली आणि साखर वर. सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल तपासले, तर ते फारच कमी. पुडी जडीबुटीची म्हणून दिलेली असली तरी तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असणार, असे त्यांनी सांगितले. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर छोट्या ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारे स्टेरॉइड त्या स्वतः बनवतात. बाहेरून ते मिळू लागले की त्या ग्रंथी झोपी जातात. बाहेरचे एकदम बंद झाले तर शरीराजवळ काहीच उरत नाही आणि माणूस दगावूही शकतो. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोगाला, योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली ते जीव वाचवते. पण ते चोरून दिले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाला दार उघडते. आईला तेच औषध पुन्हा सुरू करून काही महिन्यांत थोडे थोडे कमी करत आणावे लागले. आई वाचली.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून आमच्या डोळ्यांसमोर ती नऊ घरे येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही नऊही दारी गेलो. आमच्या तोंडाने ज्याची जाहिरात केली होती त्याची चूक त्याच तोंडाने कबूल केली. "पुडी एकाएकी बंद करू नका, आजच्या आज डॉक्टरांकडे चला," असे हात जोडून सांगितले. दोघींची साखर वाढलेली निघाली. सर्वांत जिव्हारी लागली ती कोपऱ्यावरच्या ताईंची गोष्ट. वय अवघे अडतीस. त्यांचे गुडघे नव्हे, हाताची बोटे दुखत. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे. तो आमवात होता, ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुडीने वेदना झाकली, पण रोग आतून सांधे खात राहिला. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांना आता चालू आहे, रोग आटोक्यात आहे. परंतु दोन बोटे वाकडी झाली ती झालीच. त्या शिवणकाम करायच्या. आम्हाला त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली." याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचले आणि जाणकारांना विचारले. त्यातून जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे सगळी सांधेदुखी एक नसते. झिजेचा संधिवात वेगळा, आमवात वेगळा, युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा लालभडक होणारे वातरक्त वेगळे. चिकुनगुनियाच्या तापानंतर महिनोन्महिने सांधे धरतात ते आणखी वेगळे. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते भोगले आहे. आपले जुने वैद्यसुद्धा हा भेद करीत. आमवातात सांधा सुजलेला, जड असताना तेल चोळू नये, कोरडा वाळूचा शेक द्यावा, असे आयुर्वेद सांगतो. म्हणजे एकीचे औषध दुसरीला चालतेच असे नाही.

दुसरी गोष्ट, वनस्पतींना गुण नाही असे नव्हे. साळई वृक्षाच्या डिंकाला शल्लकी म्हणतात. २००३ साली नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर ती तपासली आणि नकली गोळीच्या तुलनेत वेदना व सूज कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवण गावी सांधेदुखीची घरोघर पाहणी केली होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण, २४ आठवडे; सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी, गुग्गुळ यांपासून केलेली औषधे एका बाजूला आणि सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाईन दुसऱ्या बाजूला. कोणाला काय दिले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. वनौषधी बरोबरीने उतरल्या. पण त्याच अहवालात, काही जणांच्या यकृताच्या तपासणीतला आकडा वाढला आणि औषध थांबवल्यावर खाली आला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले आहे. कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघर उकळत होते. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते मान्य झाले नाही. वाद असो, ज्याला गुण आहे त्याला दोषही असू शकतो, एवढे आपण ध्यानी ठेवावे.

म्हणून घरच्या उपायांबद्दल थोडे. निर्गुडीचा, एरंडाचा पाला बाहेरून बांधायला हरकत नाही. शेक घ्या, पण मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी शेकाची उष्णता आधी दुसऱ्याच्या हातावर पाहावी, कारण भाजले तरी त्यांना कळत नाही. बिब्ब्याच्या नादी लागू नये. त्याच्या तेलाने कातडी सोलून निघालेली आम्ही पाहिली आहे. मेथी साखर खाली आणते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून खावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या, लसणाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. पोटात घ्यायचे कोणतेही औषध वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत पाहूनच घ्यावे. नाव नसलेली पुडी कितीही गुणकारी वाटली तरी घरात आणू नये. जी पुडी तीन दिवसांत सगळे दुखणे पळवते तिच्यावर आधी संशय घ्यावा.

उपनगरातल्या आपल्या माणसांना राजावाडी, कूपर, कांदिवलीचे शताब्दी ही पालिकेची रुग्णालये आहेत. आयुर्वेदावरच श्रद्धा असेल तर वरळीचे सरकारी पोदार रुग्णालय आहे. तेथे शिकलेले वैद्य आहेत, केसपेपर आहे. तंबूत केसपेपर नसतो.

मागल्या वर्षावासात आमच्या विहारात विनयपिटकातला महावग्ग वाचला गेला. त्यात आयुष्मान पिलिंदवच्छ यांच्या वाताच्या दुखण्याची हकीकत आहे. अंगातल्या वातासाठी भगवंतांनी आधी घाम काढण्याची अनुमती दिली. त्याने भागले नाही तेव्हा औषधी पाल्याच्या वाफेची, मग त्याहून मोठ्या शेकाची, मग पाला उकळलेल्या पाण्याची. दर वेळी गुण आला की नाही ते पाहिले, नाही म्हटल्यावर पुढचा उपाय. आई शेजारी बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "बघ, भगवंतांनीसुद्धा विचारून विचारून औषध दिलं. तू मात्र न विचारता आणलंस." आम्ही मान खाली घातली.

पूर्वी दवाखान्याचे नाव काढले की ती म्हणे, "बाबासाहेबांचे पाय दुखत होते, तरी ते लिहीत बसले. मी काय मोठी!" आम्ही तिला सांगितले, बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांत वेदना होत्या हे खरे, पण त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. दुखणे सोसण्यात मोठेपणा नाही. हे तिला पटले.

आता ती रोज सकाळी खाटेवर पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबते, पाच अंक मोजते आणि सोडते. असे दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पाच किलो वजनही उतरले आहे. रात्री निर्गुडीचा पाला आहेच.

आणखी एक काम झाले. वस्तीच्या शौचालयात सगळी भांडी उकिडवे बसायची. म्हाताऱ्या बाया गुडघ्यांच्या भीतीने दुपारनंतर पाणीच पीत नसत, हे आम्हाला त्या नऊ घरी फिरताना कळले. दोन वर्षे अर्ज, स्मरणपत्रे आणि हेलपाटे झाल्यावर बायकांच्या बाजूला एक कमोड आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसली. अर्जावर पहिली सही कोपऱ्यावरच्या ताईंची होती. वाकड्या बोटांनी सही करायला त्यांना वेळ लागला. आम्ही कागद धरून उभे राहिलो.

जयभीम!