परसदार

श्रावणात बहिणीचा फोन आला. आवाज घाबरा. "दादा, तू एकदा पुण्याला जाऊन ये. ह्यानं काहीतरी चालवायला घेतलंय संगणकावर. कुणाकुणाचे निरोप ह्याच्या यंत्रातून जातात म्हणे, आणि कुणाचे ते ह्यालासुद्धा कळत नाही. उद्या पोलीस दारात आले म्हणजे? तुझं ऐकतो तो."

भाचा आपले ऐकतो असे प्रत्येक मामाला वाटत असते. ते खोटे ठरेपर्यंत खरेच असते. शाळेला दोन दिवस लागून सुटी आली तशी मी साताऱ्याहून एस. टी. धरली. वाटेत, खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत, चार समजुतीची वाक्ये मनाशी जुळवून ठेवली. त्यांतले एकही पुढे उपयोगी पडले नाही.

त्याच्या खोलीत मी यंत्र शोधू लागलो, तर यंत्र नव्हतेच. "मामा, ते जर्मनीत आहे. मी इथून नुसतं भाडं भरतो." भाडे किती, ते मी विचारले, त्याने सांगितले, आणि ते मी बहिणीला अद्याप सांगितलेले नाही.

मग त्याने मला जे समजावले ते, मला समजले तेवढे, असे आहे. टॉर नावाचे एक जाळे आहे. त्याची कल्पना गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेत निघाली, आणि 2002 पासून ते सर्वांना खुले झाले. जगभर काही हजार यंत्रे त्यात डाकचौक्यांचे काम करतात, आणि ती चालवणारे बहुतेक हौसेने चालवतात. निरोप एकदम मुक्कामी जात नाही, तीन चौक्यांतून जातो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी त्यावर एकात एक वेष्टणे असतात. प्रत्येक चौकी आपल्या वाट्याचे वेष्टण सोडते आणि पुढचा टप्पा तेवढा वाचते. पहिलीला पाठवणारा ठाऊक असतो पण मुक्काम नसतो. तिसरीला मुक्काम ठाऊक असतो पण पाठवणारा नसतो. मधलीला दोन्ही ठाऊक नसतात. भाच्याची चौकी मधली.

"आणि ह्या वाटेने चोर जात नाहीत?" मी मास्तरकीच्या सुरात विचारले.

"जातात," तो म्हणाला. "वार्ताहर जातात, नवऱ्याच्या धाकातून सुटू पाहणाऱ्या बाया जातात, ज्यांच्या देशात वर्तमानपत्र वाचायलाही बंदी आहे ते जातात. आणि चोरही जातात."

तो खोटे बोलला नाही हे मला आवडले, आणि उत्तर मात्र आवडले नाही. ते तसेच ठेवून मी चहा प्यालो.

त्याची स्वतःची अडचण निराळीच होती, आणि ती सांगताना तो माझ्या चार वाक्यांना जागाच देईना. संगणकाचा पत्ता म्हणजे घर, आणि पोर्ट म्हणजे त्या घराचे दार. एका घराला पासष्ट हजारांवर दारे असू शकतात, प्रत्येकाला नुसता आकडा. पण कितीतरी कचेऱ्या आणि कॉलेजे आपल्या माणसांना बाहेरच्या दोनच दारांशी जाऊ देतात : 80 आणि 443. साधी संकेतस्थळे तिथेच भेटतात. एखादी चौकी 9001 या दारावर वाट पाहत असेल, तर त्या कॉलेजातल्या पोराच्या दृष्टीने ती जगात नाहीच. जाळ्याची एक जाहीर यादी असते, ती दर तासाला नवी निघते, आणि कित्येक वर्षे त्या यादीत एका चौकीला एकच पत्ता आणि निरोपासाठी एकच दार लिहायची सोय होती. ते दार कुणी अडवले की चौकी जागी असून बंद. एकाच चौकीला अनेक पत्ते आणि अनेक दारे जाहीर करता यावीत, अशी सूचना 2007 मध्ये पुढे आली आणि 2011 मध्ये ती नव्याने, नीट बेतून मांडली गेली.

"एकच दार," तो म्हणाला, "हीच चूक होती, मामा."

मी कपबशी खाली ठेवली. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. मात्र पुण्यात नव्हे. वाळवे तालुक्यात, कृष्णाकाठच्या आमच्या घरी, चुलीपुढे, आजीच्या तोंडून.

आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे तेव्हा एकच होते. 1949 मध्ये त्यांची उत्तर-दक्षिण वाटणी झाली, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले ते 1960 मध्ये. 1942 च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपुरात गोळ्या सुटल्या, माणसे पडली. मग माणसे भूमिगत झाली, आणि 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. त्याची न्यायमंडळे होती, तूफान सेना होती, आणि 1946 पर्यंत नाना पाटील काही पोलिसांच्या हाती लागले नाहीत. मुलूखही असा तुकड्यातुकड्यांचा की, कुंडल औंध संस्थानात, तर थोडे पुढे गेले की इंग्रजी अंमल. हद्द ओलांडली की फौजदाराचा हात आखडे. हे सगळे पुस्तकांत आहे. पुस्तकांत नाही ते असे की, ह्या सरकारचे टपाल माणसांच्या पायांवर चाले, आणि ते पाय रात्री कुणाच्या तरी घरी टेकत. त्यांतले एक घर आमचे.

आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, नवी सून. रात्री कुणी येई, दारावर तीन टिचक्या मारी, भाकरी खाई, चिठ्ठी ठेवी किंवा नेई. नाव कुणी सांगत नसे, आणि आपण विचारायचे नाही ही पद्धत. घराला दारे तशी तीन. पुढचे, परसातले, आणि गोठ्याच्या भिंतीतले एक ठेंगणे. शिवाय माळवदावरून चुलत्यांच्या माळवदावर जाता येई. पण येणाऱ्यांना पुढचे दार तेवढे ठाऊक. आजीने सासूबाईंच्या मार्फत एकदा सुचवले होते की, परसदारही सांगून ठेवावे. मामंजी म्हणाले, "जितकी दारं सांगावी तितकी फौजदारालाबी कळतील. येक कळलं तर येकच जाईल." आणि ह्या बोलण्यात काही खोट आहे असे मला आजही वाटत नाही.

1943 ची दिवाळी. दिवेलागण व्हायची होती. पोलीसपार्टी कसल्याशा चौकशीला गावात आलेली, आणि फौजदार नेमका आमच्या ओसरीवर टेकलेला. आजी अंगणात हंडा घेऊन उभी. तिने पाहिले, बोळाच्या तोंडाशी एक पोरगा येतो आहे. पागोटे बांधलेला, मिसरूड न फुटलेला. ओरडावे तर सासऱ्यासमोर सुनेने, फौजदारासमोर! तिने हातातला हंडा सोडून दिला. मोठा आवाज झाला. पोराने वर पाहिले, त्याला टोपी दिसली, आणि तो थबकला.

"थांबला रं त्यो," आजी सांगे. "कळलं त्येला. पर जायाचं कुठं? दार येकच सांगितल्यालं, आन् त्याच दारात फौजदार बिडी वढत बसल्याला. दुसरं ठावंच न्हवतं. थांबला, म्हनून तर दिसला."

चिठ्ठी पागोट्यात होती. चावडीवर त्याला बडवले. बैल बघायला आलो एवढेच तो म्हणत राहिला, घराचे नाव त्याने घेतले नाही. त्याला तालुक्याला नेले. पुढे काय झाले ते आजीला कधीच कळले नाही, कारण त्याचे नावच ठाऊक नव्हते. स्वातंत्र्य आले, सत्कार झाले, ताम्रपट निघाले. आजी वर्तमानपत्रातल्या म्हाताऱ्या तोंडांकडे निरखून बघे आणि "ह्यो न्हवं" म्हणे. आम्हां मुलांना ती गंमत वाटे.

त्या दिवाळीनंतर मामंजींनी आपण होऊन पद्धत बदलली. कुंडलकडून येणाऱ्यांना पुढचे दार आणि माळवद. नदीकडून येणाऱ्यांना परसदार आणि गोठा. हे बंद दिसले तर ते. सगळी दारे कुणा एकाला सांगायची नाहीत. वलणीवर घोंगडी असली तर पुढून येऊ नये, अशी खूण ठरली. घोंगडीचे काम आजीकडे आले.

मी हे सांगत होतो आणि भाचा जेवायचे विसरला होता. मग तो म्हणाला की, तुमचे पणजोबा आणि ते लोक एकाच गोष्टीशी झगडत होते. जाहीर यादी सर्वांना दिसते, तशी अडवणाऱ्यालाही दिसते. 2009 मध्ये चीनने यादीतल्या चौक्या तशाच अडवल्या. म्हणून यादीत न घातलेल्या काही गुप्त चौक्या असतात, आणि त्यांचे पत्ते थोड्याथोड्या लोकांनाच दिले जातात. अशा चौकीला अनेक पत्ते असले की, एक ह्यांना, दुसरा त्यांना असे वाटता येतात. एक फुटला तरी चौकी जिवंत राहते. नव्या पद्धतीचे पत्ते आता मुबलकही आहेत. जुने सगळे मिळून सुमारे 430 कोटी, म्हणजे जगातल्या माणसांनाही पुरायचे नाहीत. नव्यांची संख्या एकोणचाळीस आकडी आहे.

पण दारे वाढवणे नुसते पाटी लावण्याचे काम नाही, हे त्याने सांगितले आणि आजीनेही सांगितले होते. चौकीला आपला पत्ता जाहीर करण्याआधी स्वतःच बाहेरून फेरा घालून यावे लागते, आपल्याच दारावर टकटक करून ते उघडते की नाही हे पाहावे लागते. न उघडणारे दार यादीत असणे वाईट. दुसरे असे की, पत्ते दहा असले तरी चौकी एकच मोजायची, आणि एकाच माणसाच्या दोन चौक्यांतून निरोप न्यायचा नाही. अशा चौक्यांच्या समूहाला त्यांच्या भाषेत कुटुंब म्हणतात, हे ऐकून मला मौज वाटली. आमचे माळवद चुलत्यांच्या घरात उतरे, पण आमच्याकडची चिठ्ठी चुलत्यांकडे मामंजी कधी देत नसत. झडती आली तर दोन्ही घरांना एकदम येणार, हे त्यांनी ओळखले होते.

काँग्रेस रेडिओची गोष्ट भाच्याला मीच सांगितली. 1942 च्या ऑगस्टअखेर उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईतून चोरून बोलू लागले. यंत्र या घरातून त्या घरात हलवत, आणि ऐकणाऱ्यांना मात्र पत्ता एकच, 42.34 मीटर. नोव्हेंबरच्या 12 तारखेला सारे संपले. जागा बदलण्याची युक्ती जेमतेम अडीच महिने पुरली. तेवढ्यात केवढे बोलून घेतले, असेही म्हणता येईल. मला ते म्हणवत नाही, कारण पुढची त्यांची वर्षे तुरुंगात गेली.

चोरांचे राहिलेच. पत्री सरकारच्या नावावर दरोडे घालणारेही त्या दिवसांत निघाले होते, आणि प्रतिसरकारला त्यांचा बंदोबस्त करावा लागला. आमच्याकडे असा एक गोठ्याच्या दाराने आला. टिचक्या बरोबर तीन, बोलणेही बरोबर. भाकरी खाल्ली आणि मग दागिने मागितले. सासूबाई कोयता घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, तेव्हा गेला. दुसऱ्या दिवशी मामंजींनी गोठ्याचे दार दगडमातीने चिणले. परसदाराचे काय करायचे, यावर घरात दोन दिवस बोलाचाल झाली. त्या वेळी आजी म्हणे सासऱ्यांसमोर पहिल्यांदा तोंडाने बोलली. "परसदार ऱ्हाऊ द्या. मी जागी ऱ्हाईन." आणि राहिली. दोन-अडीच वर्षे ती परसदाराच्या आत, जात्याशेजारी निजली. पहिले मूल तिथेच झाले.

भाच्याला मी एवढेच विचारले, "तुझ्या दाराशी जागं कोण राहतं?" तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, त्याची चौकी मधली, जाणाऱ्यायेणाऱ्याचे तोंड तिला दिसत नाही, राखण करावी म्हटले तरी करता येत नाही. बहिणीला मी फोनवर सांगितले की, पोलिसांची धास्ती घेण्यासारखे मला काही दिसले नाही. बाकीचे सांगितले नाही. माझे मलाच ते पुरते उलगडलेले नव्हते, आणि नाही.

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. दिवाळीत ती एक पणती परसदाराच्या बाहेर ठेवी. पलीकडे गुरे असत, त्यांच्यासाठी असेल असे आम्हांला वाटे. वाऱ्याने ती विझे, आजी पुन्हा लावी, पुन्हा विझे. आई कुरकुरे की तेल वाया जाते.

यंदा दसऱ्याला भाचा गावी आला. घरात आता चुलतभाऊ राहतो. परसदारापुढे पेंडीची पोती आणि ट्रॅक्टरचे जुने टायर रचलेले. आम्ही तिघांनी ते हलवले. कडी गंजून बसली होती. तेल घातले, पहारीने ठोकले, तेव्हा सुटली. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही आतच थांबा," आणि घराला वळसा घालून मागे गेला. मी दार लोटून घेतले आणि जात्याच्या जागेपाशी उभा राहिलो. बराच वेळ काही ऐकू येईना. मग बाहेरून त्याचा आवाज आला, "मामा, तीनदा वाजवलं की!"

मला आजीचे आठवले. एका रात्री तीही अशीच बाहेर जाऊन, सासूबाईंना आत निजवून, दारावर टिचक्या मारून आली होती, आणि वरच्या जाड फळीवरचा आवाज आत पोचत नाही हे तिनेच शोधून काढले होते.

"खाली वाजव," मी ओरडलो. "उंबऱ्याजवळ. तिथं फळी पातळ आहे."