भिंतीपासून १५ मीटर

आम्ही दोघे नवराबायको मराठीचे अध्यापक. पोहण्यातले आम्हांस फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. आमचा भाचा मात्र द्रोणागिरीच्या डोंगराखाली, करंजाच्या खाडीत वाढलेला. धरमतरहून गेटवेपर्यंत पोहत जाणारे खाडीतून समुद्रात शिरतात ते इथेच. या पाण्यात भिंत नाही, वळण नाही. हात मारीत राहायचे, एवढेच.

महाविद्यालयीन स्पर्धेत तो २५ मीटरच्या तलावात १०० मीटर फ्रीस्टाइल पोहला आणि हरला. ‘दम कमी पडला,’ असा निकाल आम्ही काठावरून देऊन टाकला. तो म्हणाला, “मामी, दम नाही गं, भिंत. मी वर येऊन हात मारायला लागलो तेव्हा तो अजून पाण्याखालीच होता, आणि माझ्या पुढे होता.”

याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा उमगला. पृष्ठभागावर पोहणारे अंग लाट उठवते आणि त्यात बळ खर्ची पडते. अर्धा-पाऊण मीटर खाली हा भुर्दंड बराच घटतो. शिवाय सूर मारताना वा भिंतीला पायांनी रेटा देताना मिळालेला वेग हातांनी पोहण्याच्या वेगाहून अधिक असतो. तो टिकेल तोवर अंग बाणासारखे ठेवून, पाय जोडून डॉल्फिनसारखे फटके मारायचे. तो उतरू लागला की वर यायचे. लवकर आले तरी तोटा, रेंगाळले तरी तोटा. वृत्ते शिकवताना यतीला आम्ही सरसकट विसावा म्हणत आलो आहोत. इथे विसाव्यासारखी दिसणारी जागाच सर्वांत वेगवान निघाली.

१९५६ साली मेलबर्नला मासारु फुरुकावाने बरेचसे अंतर पाण्याखालून कापून ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्ण जिंकले, आणि ती वाट नियमाने बंद झाली. १९८८ साली सोलला १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या अंतिम फेरीत दाइची सुझुकी आणि डेव्हिड बर्कॉफ सुमारे तीस मीटर दिसेनासेच झाले; सुझुकी ५५.०५ सेकंदांत पहिला, बर्कॉफ ५५.१८ सेकंदांत दुसरा. त्यानंतर मर्यादा आली. आज फ्रीस्टाइलमध्येही १५ मीटरच्या आत डोके वर यावे लागते. म्हणजे भाच्याच्या शर्यतीत एक सूर आणि तीन वळणे मिळून ६० मीटर पाण्याखाली राहण्याची मुभा होती! तो दरवेळी चार-पाच मीटरांवरच वर येत होता.

आमचा ‘दमा’चा शेरा मात्र त्याच्या मनात राहिला. एकटाच, भराभर खोल श्वास घेऊन तो बुडी मारू लागला. एका सकाळी शेजारच्या पट्टीतल्या मुलाने त्याला तळाशी निश्चल पाहिले आणि ओढून काढले, म्हणून वाचला. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तो आधीच उसासून टाकला की इशारा मिळत नाही, आणि प्राणवायू संपून थेट शुद्ध हरपते. हे आम्हांस डॉक्टरांकडून कळले, तोवर शेरा देऊन महिना झाला होता.

आता तो एकटा उतरत नाही. सूर मारला की आमच्यापैकी एकजण काठाने त्याच्याबरोबर चालतो आणि फटके मोजतो. काल सहा झाले. वर आला तो आठव्या मीटरला.