घर पाहावे पावसाळ्यात

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आता घर बांधून पाहणे आपल्यासारख्या नोकरदार-कष्टकरी माणसाच्या हातात राहिलेले नाही. आता घर पाहायचे ते लोकलने जाऊन, रविवारच्या सुट्टीत, भाकरीचा डबा बरोबर घेऊन. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या एका रविवारी माझा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची दोन मुले आणि आमची आई असे सगळे घर पाहायला बदलापूरला आले. माझे सासर अंबरनाथचे, म्हणजे अलीकडचेच स्टेशन. म्हणून वाट दाखवायला मी. त्या दिवसाची ही हकिकत आहे. घर शोधणाऱ्या एखाद्या कुटुंबाला उपयोगी पडली, तर लिहिल्याचे सार्थक होईल.

आमचे माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतले. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काळात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. त्या १६० फुटांत आमचे आजोबा रत्नागिरीहून येऊन गिरणीत राबले, वडील राबले, आम्ही तीन भावंडे शिकलो. पुढे दोन भावांचे संसार तिथेच मांडले गेले. आईसकट नऊ माणसे! रात्री कोण कुठे झोपणार याची जागा ठरलेली असे. पाहुणा आला की गॅलरीत पथारी.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमच्या थोरल्या दादाचे घर त्यात होते. आई त्या दिवशी चावी मुठीत धरूनच बसली होती. पण खोली एक, चावी एक आणि भाऊ दोन. दादा म्हणाला, "चल माझ्याबरोबर, एवढी वर्षं राहिलोच ना?" धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या पोराचं लग्न दोन वर्षांवर आलंय. पुन्हा तीच दाटी कशाला?" भांडण नाही, तंटा नाही, पण घर वेगळे शोधायचे हे त्या दिवशी ठरले.

रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. दादरहून एरवी सव्वा-दीड तासाचा प्रवास, त्या दिवशी दोन तास लागले. मी अंबरनाथला त्यांच्या डब्यात चढले. बदलापूर मुंबईच्या टोकाच्या स्टेशनापासून ६८ किलोमीटरवर आहे. कल्याणच्या पुढे कर्जतकडे गाड्या कमी आणि माणसे फार. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम मंजूर आहे, पण ज्याला रोज सकाळी कामावर जायचे त्याने आजची गाडी पाहून घर घ्यावे, उद्याची पाहून नव्हे.

मी डब्यातच विचारले, "घरात काय काय हवंय ते एकेकाने सांगा बघू."

भाऊ म्हणाला, "हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पाहिजे आणि रिटायर व्हायच्या आधी फिटला पाहिजे." भावजय म्हणाली, "ताई, पाणी. बाकी काही नको. नळाला पाणी आणि ओट्यापाशी उजेड." भाची इस्पितळात नर्स आहे, पाळ्या करते. ती म्हणाली, "आत्या, स्टेशनपासून चालत जाता आलं पाहिजे, आणि रस्त्यात दिवे पाहिजेत. रात्री साडेअकराला रिक्षावाला म्हणेल ते भाडं मी रोज कुठून देऊ?" भाचा बारावीत आहे. तो म्हणाला, "मला एक दार हवं. बंद करता येईल असं." वरळीच्या खोलीत तो रात्री बाहेरच्या गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास करायचा. आई काहीच बोलली नाही. मी पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "हाक मारली तर ओ देणारं कुणीतरी असावं. आणि बाबासाहेबांच्या फोटोला एक भिंत."

पहिले ठिकाण पश्चिमेला होते. उंच इमारतीचे काम चालू होते. बाहेर मोठा फलक, आत थंडगार कार्यालय आणि सॅम्पल फ्लॅट. तो पाहून मुले हरखली. भावजयीने मात्र पलंगावर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "ताई, हा पलंग लांबीला आखूड आहे." खरेच होते. आखूड पलंग, अरुंद कपाट आणि खोल्यांना दारेच बसवलेली नाहीत, म्हणजे जागा मोठी दिसते. घर पाहायला जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी, ती याचसाठी.

तिथल्या मुलाने साडेपाचशे फूट सांगितले. भावाने विचारले, "कार्पेट किती?" तेव्हा तो आकडा साडेतीनशेवर आला. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली आपली वापरायची जागा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे बिल्डरने व्यवहार याच मापावर करायचा असतो. हा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराच्या रूपाने लागू झाला. नोंदणी कराव्या लागणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक असावाच लागतो. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो त्यानेच आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. एवढ्या तीन-चार गोष्टी आपल्या प्रत्येक घरात पाठ असाव्यात.

"खिडकीतून नदी दिसेल," असे तो मुलगा कौतुकाने सांगत होता. आई खिडकीपाशी गेली, बाहेर पाहिले आणि म्हणाली, "नदी दिसते म्हणजे नदीला पण आपण दिसतो." आम्ही हसलो. पण खाली चहा प्यायला थांबलो तेव्हा टपरीवाल्या बाईने समोरच्या भिंतीवर हात नेऊन दाखवला, "२०१९ ला पाणी इथपर्यंत." तो हात तिच्या खांद्याच्या वर होता. उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिमेकडून वाहते. २६ जुलै २००५ चा पूर आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, ते याच नदीच्या पुरामुळे. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. घर त्यांच्या आत आहे की बाहेर, हे विचारल्याशिवाय इसार देऊ नये. आणि घर पाहायला जावे ते पावसाळ्यातच. उन्हाळ्यात सगळीच घरे कोरडी दिसतात. छताची गळती, भिंतीची ओल, गल्लीतला चिखल, पावसाळा सगळे खरे सांगतो.

दुसरे ठिकाण पूर्वेला, जुन्या सोसायटीतला विकाऊ फ्लॅट. जागा चांगली, उजेड चांगला. दलालाने सगळे दाखवले आणि जिना उतरताना सहज विचारल्यासारखे विचारले, "आडनाव काय म्हणालात?" भावाने सांगितले. "गाव?" तेही सांगितले. मग तो म्हणाला, "इथली मंडळी जरा वेगळी आहेत हो. खाण्यापिण्याचं वगैरे बघतात. तुम्हाला करमायचं नाही." भाचा काही बोलणार होता, भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दलालाला म्हणाला, "आम्ही घर पाहायला आलो होतो. तुम्ही आम्हाला पाहत होता होय! बरं झालं, आधीच कळलं."

रस्त्याला लागल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आईनेच मुलांना सांगितले, की १९१७ साली परदेशातून एवढे शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांनाही राहायला जागा मिळाली नव्हती आणि पारशांच्या उतारगृहातून त्यांना हाकलले गेले. "मग त्यांनी काय केलं, आजी?" भाच्याने विचारले. आई म्हणाली, "आधी परळच्या चाळीत राहिले. मग स्वतःचं घर बांधलं, दादरला, राजगृह. आणि ते पुस्तकांसाठी बांधलं." भाच्याने पुढे काही विचारले नाही. त्याने मागितलेले ते बंद होणारे दार मला मात्र तेव्हा फार मोठी मागणी वाटली.

तिसरे घर आम्ही संपत आलेल्या उत्साहानेच पाहिले. पूर्वेलाच, पंधरा वर्षे जुनी चार मजली इमारत, पहिला मजला, कार्पेट ३४० फूट. ना बाग, ना नदी. घरमालकीण मुलाकडे पुण्याला निघाली होती. तिने न विचारता सांगितले, "पाणी दिवसातून एकदाच येतं, टाकी आहे. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल धरते, बघून घ्या." दोष स्वतःहून सांगणारी ती दिवसभरात भेटलेली पहिलीच. भावजयीने नळ सोडून पाहिला. भाच्याने मागच्या खोलीचे दार दोनदा लावून उघडले. भाची घड्याळ लावून स्टेशनपर्यंत चालत गेली आणि परत आली. जायला बारा मिनिटे लागली होती. आम्ही दिवेलागणीपर्यंत मुद्दाम थांबलो. रस्त्यातले दिवे लागले, मेडिकलचे दुकान उघडे होते, बायका भाजी घेत होत्या.

आई दमून जिन्याच्या पायरीवर बसली होती. समोरच्या दारातली बाई तांब्या घेऊन बाहेर आली. "आजी, पाणी घ्या. इथे येणार का तुम्ही राहायला?" आडनाव तिने विचारले नाही. आई पाणी प्यायली आणि वर येऊन मोठ्या खोलीतल्या एका भिंतीसमोर उभी राहिली. "इथे कपाट ठेवू नका हं," एवढेच म्हणाली.

लगेच बयाणा दिला नाही. आधी वकिलाकडून कागद तपासून घेतले. आधीच्या खरेदीचा नोंदलेला दस्त आणि इंडेक्स टू, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, नगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, मेंटेनन्स आणि घरपट्टीच्या पावत्या, आणि घरावर कुणाचे कर्ज नाही याची खात्री. डिसेंबरात दस्त नोंदवला तो भावजयीच्या एकटीच्या नावावर. महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे. पण भाऊ म्हणाला, "ताई, सवलत नसती तरी तिच्याच नावावर केलं असतं. वीस वर्षं तिने भावकीच्या घरात पाहुण्यासारखं वावरून काढली."

आई आता पंधरा दिवस वरळीला आणि पंधरा दिवस बदलापूरला असते. वरळीला लिफ्ट आहे, बदलापूरला शेजार आहे, असे सांगते. मागच्या खोलीचा ओला कोपरा अजून पुरता सुकलेला नाही. पण ते दार संध्याकाळी सात वाजता बंद होते, आणि बाहेर सगळे टीव्हीचा आवाज कमी करतात.