प्रतिभा ओसरल्यावर

गणित्यांचीं चरित्रें वाचण्याचा मला जुना नाद आहे. त्यांतले अकालीं गेलेले लोक वाचकांचे विशेष लाडके. ऐन विशींत द्वंद्वयुद्धांत पडलेल्या गाल्वाची कथा सांगतांना कोणाचाही कंठ दाटतो. पेन्शनीच्या वयाला पोंचल्यापासून मला मात्र वारंवार आठवतो तो फेलिक्स क्लाइन. तो ७६ वर्षें जगला, आणि त्याची प्रतिभा ३३ व्या वर्षींच त्याला सोडून गेली.

१८७० च्या वसंतांत हा जर्मन तरुण आपला नॉर्वेजियन मित्र सोफस ली याच्यासह पॅरिसला गेला. त्याच वर्षीं जॉर्डनचा समूह-सिद्धांतावरील मोठा ग्रंथ निघाला होता, आणि त्या नव्या शास्त्राची गोडी दोघांना तेथेंच लागली. जुलैंत युद्ध पेटलें. क्लाइन स्वदेशीं परतला. ली पायीं इटलीकडे निघाला आणि फाँतेनब्लो येथें हेर म्हणून पकडला गेला. त्याच्याजवळचे गणिताचे कागद शिपायांना सांकेतिक लिपींतले वाटले! सुमारें महिनाभर तुरुंगांत काढल्यावर डार्बू या फ्रेंच गणित्याच्या खटपटीनें तो सुटला.

१८७२ सालीं, अवघ्या २३ व्या वर्षीं, क्लाइन एर्लांगेनला प्राध्यापक झाला. त्या प्रसंगीं त्यानें छापून वाटलेली छोटीशी पुस्तिका हीच त्याची अमर कृति. तिच्यांतला मूळ विचार समजण्यास पंडित असावें लागत नाहीं. चौरस पाट जागच्या जागीं पाव फेरा फिरविला तर तो होता तसाच दिसतो. अर्धा, पाऊण किंवा पुरा फिरविला तरी तसाच. यांपैकीं कोणतेही दोन फेरे लागोपाठ दिले तरी परिणाम या चारांतलाच एक होतो, आणि प्रत्येकाला उलटविणाराही त्यांच्यांतच सांपडतो. फेरफारांच्या अशा स्वयंपूर्ण मेळ्याला समूह म्हणतात. क्लाइनचें म्हणणें असें कीं, एखाद्या समूहांतले सारे फेरफार करूनही जें बदलत नाहीं त्याचा अभ्यास म्हणजेच भूमिति. समूह बदला, कीं भूमिति बदलली. यूक्लिडच्या भूमितींत लांबी आणि कोन टिकतात. दिव्यानें भिंतीवर पाडलेल्या सांवलींत तीं टिकत नाहींत, पण सरळ रेषा सरळच राहते, आणि तेवढ्यावर दुसरी भूमिति उभी राहते. एकमेकींशीं फटकून असलेल्या भूमिति अशा एका कुटुंबांत आल्या.

पुढें १८८१ सालीं पॉइंकारे या त्याच्याहून ५ वर्षांनीं लहान फ्रेंच गणित्याचे लेख येऊं लागले. विषय क्लाइनच्याच चिंतनांतला. दोघांचीं पत्रें सभ्य होतीं, परंतु ही शर्यतच होती. १८८२ च्या मार्चांत नॉर्डर्नाय बेटावर दम्यामुळें निजतां येईना म्हणून कोचावर बसून असतां, रात्रीं अडीचच्या सुमारास क्लाइनला एक थोर सिद्धांत सुचला. त्याची निर्दोष सिद्धता मिळण्यास मात्र १९०७ साल उजाडावें लागलें. त्याच शरदांत त्याची प्रकृति ढासळली आणि मागोमाग उदासीनतेनें त्याला ग्रासलें. आपलें खरें निर्मितीचें काम तेथेंच संपलें, हें त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे.

एवढ्यावर अनेकांनीं उरलेलें आयुष्य कुढण्यांत घालविलें असतें. क्लाइन १८८६ सालीं गॉटिंगेनला आला आणि माणसें जमवूं लागला. सत्तेची त्याला आवड होती, तो कांहीं संत नव्हता. तरी १८९५ सालीं हिल्बर्टला, आपल्याहून मोठ्या गणित्याला, त्यानें आपण होऊन बोलावून घेतलें. त्याच वर्षीं ग्रेस चिझम हिला त्याच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळाली. प्रशियांत स्त्रियांना विद्यापीठाचीं दारें रीतसर उघडलीं तीं १९०८ सालीं. लीनें १८९३ मध्यें आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत, मी क्लाइनचा शिष्य नव्हें, असें जाहीरपणें फटकारलें होतें. मैत्री तुटली, पण काझानचें पहिलें लोबाचेव्हस्की पारितोषिक लीला मिळालें तें क्लाइनच्याच अभिप्रायावरून. मला ही गोष्ट त्या एर्लांगेनच्या पुस्तिकेइतकीच मोठी वाटते.

१९१५ सालीं क्लाइन व हिल्बर्ट यांनीं एमी नोएथर हिला गॉटिंगेनला बोलाविलें. स्त्री म्हणून विद्यापीठ तिला अध्यापनाचा अधिकार देईना. तो मिळाला १९१९ मध्यें. त्याआधींच, १९१८ सालीं, तिनें सिद्ध केलें कीं सृष्टीच्या नियमांतील अशा प्रत्येक सलग समूहामागें एकेक अक्षय राशि उभी असते. नियम काळानें बदलत नाहींत म्हणूनच ऊर्जा टिकून राहते. क्लाइनच्या डॉक्टरेटला त्या वर्षीं ५० वर्षें झालीं होतीं. तो निबंध तिनें त्यालाच अर्पण केला.