हौदातले पान

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा आम्हांला प्रथम आठवली ती एका उत्तरपत्रिकेवरची आमचीच तांबडी फुली.

त्या वर्षी विज्ञान-शिक्षकाची जागा रिकामी होती. आम्ही मूळचे मराठीचे. तरी सातवीचे विज्ञान आमच्याकडे आले. आयाम, तरंगलांबी, वारंवारता या संज्ञा आम्ही उत्साहाने फळ्यावर लिहिल्या आणि त्या ओघात ‘तरंगाबरोबर पाणी पुढे सरकते’ हेही वाक्य लिहून दिले. परीक्षेत त्यावरच प्रश्न काढला. एकाने उत्तर लिहिले, ‘पाणी जागेवरच राहते.’ आम्ही दोन गुण कापले.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला. गुणांविषयी तो बोललाच नाही. म्हणाला, “सर, जरा हौदापाशी येता का?”

हौदात कडुनिंबाचे एक पिवळे पान पडले होते. त्याने खडा टाकला. वर्तुळे रुंदावत काठाला भिडली. पान मात्र होते तेथेच वर-खाली डोलत राहिले. त्याने पुन्हा खडा टाकला. पुन्हा तेच. रोज पहाटे कपडे धुताना त्याने हे पाहिले होते. त्याच हौदाचे पाणी आम्हीही कित्येक वर्षे वापरत होतो.

रात्री पुस्तक उघडले. पुढे जाते ती ऊर्जा. पाण्याचे कण जवळपास जागच्या जागी फिरून परततात. सकाळी भर वर्गात आम्ही आपली चूक सांगितली आणि त्याचे दोन गुण परत केले. इतरांचे गुण कापले नाहीत. त्यांनी आमचीच चूक प्रामाणिकपणे लिहिली होती!

मग पाठ नव्याने सुरू झाला. खिडकीच्या गजाला दोर बांधला, मध्यावर लाल फीत. दोराला झटका दिला की उंचवटा गजापर्यंत धावे, फीत तेथल्या तेथे उडे. जेवणाच्या रांगेत मुलांना एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवायला सांगून शेवटच्याला हलकेच ढकलले. धक्का पहिल्यापर्यंत पोहोचला; मुले आपापल्या जागी. ध्वनीही हवेतून असाच येतो: एक थर पुढच्याला दाबतो आणि मागे येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. त्या वेगाने हवाच धावली असती, तर आमच्या एका हाकेने वर्गाची कौले उडाली असती.

“पण सर, दादरला समुद्राचे पाणी तर पायांवर येते,” एका मुलाने शंका काढली. 6 डिसेंबरला तो आईवडिलांबरोबर चैत्यभूमीवर जाऊन आला होता. या वेळी आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. “उद्या सांगतो,” म्हणालो.

उद्या सांगितले: किनाऱ्याशी पाणी उथळ होते, लाटेचा खालचा भाग तळाशी अडतो, माथा पुढे कोसळतो, तेथे पाणी खरोखरच पुढे येते.

“मग हौदाच्या काठाशी लाट का फुटत नाही?” हा प्रश्न त्या पानवाल्याचा.

आम्ही पुन्हा हौदाकडे निघालो. या वेळी सगळा वर्ग बरोबर होता. हौद खोल, भिंती उभ्या. काठावर आपटून परतलेली वर्तुळे समोरून येणाऱ्या वर्तुळांतून आरपार निघून जात होती. त्या दुपारी जेवणाची घंटा दोनदा द्यावी लागली.